मायलोमाच्या पेशीवर नेम धरायचा तर कुठे?

एप्रिल 2024 मध्ये पवईच्या आयआयटी मुंबईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘नेक्सकार19’ या उपचाराचं लोकार्पण झालं. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून घ्यायच्या, त्यांच्यात जनुकीय फेरफार करून परत द्यायच्या आणि त्यांच्याकरवी कॅन्सर मारायचा, अशी ही भारतात घडलेली पहिली कार-टी उपचारपद्धत. आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी मिळून ती उभी केली. बातमी घरोघरी पोचली आणि मल्टिपल मायलोमाच्या रुग्णांच्या घरी साहजिकच प्रश्न आला: हाही रक्ताचाच कॅन्सर ना, मग बाबांना हे का देत नाहीत?

कारण नेक्सकार19 च्या पेशी सीडी19 नावाचं एक प्रथिन शोधत फिरतात. ठरावीक ल्युकेमिया आणि लिम्फोमांच्या पेशींवर ते असतं, मायलोमाच्या बहुतेक पेशींवर नसतं. हत्यार कितीही चांगलं असलं तरी ज्यावर चालवायचं तेच समोर नाही.

रोगप्रतिकारक पेशी ज्यावरून एखादी गोष्ट ओळखतात त्या रेणूला अँटिजेन म्हणतात, शालेय पुस्तकात प्रतिजन. मायलोमाच्या उपचारात गेल्या दहा वर्षांत जी उलथापालथ झाली, तिच्या मुळाशी योग्य अँटिजेन हाती लागणं हे मोठं कारण आहे. आणि गंमत अशी की जे अँटिजेन खरोखर कामी आले, ते कॅन्सरचे असे नव्हतेच.

मुळात बिघडते ती कोणती पेशी?

पाठीच्या कण्यात, फासळ्यांत, कंबरेच्या हाडांत जो मऊ गाभा असतो तो बोन मॅरो, अस्थिमज्जा. रक्तातल्या सगळ्या पेशी तिथे तयार होतात. त्यातल्या बी-पेशी बाहेर पडतात, लिम्फ नोडमध्ये एखाद्या जंतूशी गाठ पडली की वाढतात, बदलतात, आणि त्यातल्या काही प्लाझ्मा पेशी होऊन पुन्हा मॅरोत मुक्कामाला येतात. लहानपणी होऊन गेलेल्या गोवरापासून आपण आयुष्यभर सुरक्षित राहतो, त्याला वर्षानुवर्षं तिथे बसून अँटिबॉडी (जंतूला पकडणारी प्रथिनं) सोडणाऱ्या याच पेशी कारण असतात. नियम एकच: एक प्लाझ्मा पेशी एकाच प्रकारची अँटिबॉडी बनवते.

हा बी-पेशी ते प्लाझ्मा पेशी असा प्रवास होताना पेशीच्या अंगावरचे रेणू बदलतात. सीडी20 जातं, सीडी19 कमी होत जातं. रोगट प्लाझ्मा पेशींवर तर ते बहुधा उरतच नाही, इतकं की मॅरोच्या नमुन्यात निरोगी आणि रोगट प्लाझ्मा पेशी वेगळ्या काढताना याच फरकाचा आधार घेतात. बदल्यात सीडी38 आणि सीडी138 भरपूर येतं, बीसीएमए येतं. ही नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

मायलोमा म्हणजे अशा एका प्लाझ्मा पेशीचा बेसुमार वाढलेला गोतावळा. सगळ्या एकाच पेशीच्या पोटच्या, त्यामुळे सगळ्या एकच अँटिबॉडी ओततात. हे कागदावर डोळ्यांनी दिसतं. सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस नावाच्या तपासणीत रक्तातली प्रथिनं विजेच्या दाबाखाली वेगवेगळी केली जातात आणि आलेख निघतो. एका टोकाला अल्ब्युमिनचा उंच सुळका, आणि दुसऱ्या टोकाला अँटिबॉडींचा पसरट, बुटका उंचवटा, कारण निरोगी माणसात लाखो तऱ्हेच्या अँटिबॉडी थोड्या थोड्या असतात. मायलोमात त्या पसरट भागातच एक अरुंद, टोकदार सुळका उभा राहतो. रिपोर्टमध्ये त्याला ‘एम बँड’ किंवा ‘एम स्पाइक’ लिहितात. याच जादा प्रथिनामुळे मायक्रोस्कोपखाली तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात आणि ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी नळीत खाली बसण्याचा वेग, शंभरच्या वर जातो. पन्नाशी-साठीतला माणूस महिनोन्‌महिने कंबरदुखीचा मलम चोळतोय, हिमोग्लोबिन आठवर आलंय, क्रिएटिनिन वाढलंय आणि ईएसआर असा आहे, तर हा आलेख काढायला उशीर करू नये.

या प्रथिनाचा माग फार जुना आहे. 1840 च्या दशकात लंडनमध्ये हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टरकडे एका रुग्णाची लघवी तपासायला आली. गरम केली की ती गढूळ व्हायची, आणखी उकळली की निवळायची, गार झाली की पुन्हा गढूळ. त्यात काहीतरी वेगळं प्रथिन आहे एवढं त्यांनी ओळखलं. ते प्रथिन म्हणजे अँटिबॉडीचाच एक तुकडा, तिची ‘लाइट चेन’, हे सिद्ध व्हायला 1962 साल उजाडलं. जेरल्ड एडेलमन आणि जोसेफ गॅली यांनी ते दाखवलं.

कॅन्सरची स्वतःची खूण

आता नेम धरायचाय, तर पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तो हा: या पेशी एकच अँटिबॉडी बनवतात आणि तशी अँटिबॉडी अंगातली दुसरी पेशी बनवत नाही. मग तीच खूण का धरू नये? अँटिबॉडीच्या या खास टोकाला इडिओटाइप म्हणतात. ट्यूमर अँटिजेन म्हणून तो नमुनेदार आहे, शंभर टक्के कॅन्सरचाच. 1990 च्या दशकात त्याच्या लशी करून पाहिल्या. हाती फारसं लागलं नाही. एक तर हे प्रथिन रक्तात इतकं तुडुंब असतं की शरीराला त्याची सवय होऊन बसते, आणि दुसरं, प्लाझ्मा पेशी ते बाहेर ओतते, अंगावर फारसं बाळगत नाही. शिवाय प्रत्येक रुग्णासाठी लस वेगळी करावी लागणार.

इथे टी-पेशी आणि अँटिबॉडी यांच्या ओळखण्यातला फरक सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. अँटिबॉडी पेशीच्या बाहेर जे उभं आहे तेच पकडते. टी-पेशीला मात्र पेशीच्या आतलंही कळतं, कारण प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून एचएलए नावाच्या रेणूंत धरून बाहेर दाखवत असते. आत काही विचित्र बनत असेल तर त्याचा तुकडा दिसतो आणि टी-पेशी पेशीला मारते. एचएलए माणसागणिक वेगळे असतात (बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी भावंडांचे जुळवून पाहतात ते हेच), त्यामुळे एकाच्या टी-पेशीला दिसलेला तुकडा दुसऱ्याच्या टी-पेशीला दिसेलच असं नाही.

आतल्या विचित्र प्रथिनांचा एक गट ब्रसेल्समध्ये थिएरी बून यांच्या गटाला 1991 मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये सापडला. पुरुषांच्या वृषणात बनणारी, बाकी शरीरात एरवी बंद असलेली ही प्रथिनं काही कॅन्सर पेशी पुन्हा चालू करतात. एमएजीई आणि एनवाय-ईएसओ-1 ही त्यातली नावं. वाढलेल्या मायलोमात ती दिसतात, पण सगळ्यांत नाही आणि एका रुग्णाच्या सगळ्या पेशींतही नाही. एनवाय-ईएसओ-1 ओळखणाऱ्या टी-पेशी रुग्णांना देऊनही पाहिल्या गेल्या. जनुकांतल्या बिघाडातून जन्मणारे नवे अँटिजेनही असतात, पण मेलानोमा किंवा धूम्रपानातून झालेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या मानाने मायलोमात बिघाडांची संख्या कमी, म्हणून हेही पीक बेताचंच.

टी-पेशी झोपल्या होत्या का?

मग शरीराला या पेशी कधी दिसल्याच नाहीत का? दिसल्या होत्या, आणि हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

मायलोमाच्या आधी एक मुकी अवस्था असते, एमजीयूएस. रक्तात छोटासा एम बँड, बाकी काही त्रास नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या पाहणीत पन्नाशीपुढच्या सुमारे 3 टक्के लोकांत ती आढळली. मायलोमाच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात ती आधी असते, पण तिचा मायलोमा होण्याचं प्रमाण वर्षाला साधारण 1 टक्काच. बाकीच्यांना कोण अडवून धरतं?

माधव धोडपकर तेव्हा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात होते. त्यांच्या गटाने 2003 मध्ये एमजीयूएस आणि मायलोमा अशा दोन्ही लोकांच्या मॅरोतून टी-पेशी काढल्या आणि त्यांच्याच प्लाझ्मा पेशींचे अँटिजेन त्यांच्यापुढे ठेवले. एमजीयूएसवाल्यांच्या टी-पेशी ताबडतोब उसळल्या. मायलोमावाल्यांच्या तशा उसळल्या नाहीत. 2007 मध्ये त्यांनी एक विशिष्ट अँटिजेनही दाखवला, सॉक्स2. हे प्रथिन मुळात भ्रूणाच्या मूळपेशींत असतं. एमजीयूएसच्या अनेकांत सॉक्स2 विरुद्ध प्रतिकार सापडला, मायलोमात तो जवळपास नव्हता.

याचा अर्थ असा नव्हे की केवळ टी-पेशींमुळे एमजीयूएस थोपलेला असतो. पेशींचा स्वतःचा बिघाड किती पुढे गेलाय हेही तितकंच मोलाचं. पण पहारा होता आणि पुढे तो ढिला पडला, एवढं या प्रयोगांतून दिसतं.

ढिला का पडतो? मॅरो ही काही रिकामी जागा नाही. जुन्या आजारांची आठवण असलेल्या टी-पेशी तिथेच वस्तीला असतात, म्हणजे कॅन्सर चक्क चौकीतच वाढतोय. तो आजूबाजूच्या सगळ्यांना आपल्या बाजूला वळवतो. मॅरोतल्या आधारपेशी त्याला आयएल-6 हा वाढीचा निरोप देणारा रेणू पुरवतात, मॅक्रोफेज आणि इतर पांढऱ्या पेशी एप्रिल नावाचा रेणू पुरवतात (महिन्याशी संबंध नाही, इंग्रजी आद्याक्षरांतून नाव तसं पडलंय). हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना कॅन्सर चेतवतो आणि हाड भरणाऱ्यांना दाबतो, म्हणूनच एक्स-रेत हाडाला भोकं दिसतात आणि साध्या वाकण्याने मणका चेपतो. टी-पेशींना आवरणाऱ्या पेशी वाढतात. सततच्या चिथावणीने टी-पेशी थकतात, त्यांच्या अंगावर पीडी-1 सारखे ब्रेक चढतात.

मग ब्रेक काढून टाकले की झालं, असं वाटणं स्वाभाविक होतं. मेलानोमात पीडी-1 रोखणाऱ्या औषधांनी चमत्कार केला होता. मायलोमात पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला देऊन दोन मोठ्या चाचण्या सुरू झाल्या, आणि जुलै 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, त्या थांबवल्या. औषध मिळालेल्या गटात मृत्यू जास्त होते. ‘इम्युनिटी वाढवा’ हा व्हॉट्सॅपवरचा कानमंत्र किती पोकळ आहे ते इथे दिसतं. कोणती पेशी, कशाविरुद्ध, हे ठरल्याशिवाय नुसत्या वाढवण्याला अर्थ नसतो.

याउलट थॅलिडोमाइडचं झालं. गरोदरपणात घेतल्याने हजारो बाळांना जन्मतः व्यंग देणारं हे बदनाम औषध. 1999 मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये सीमा सिंघल, बार्ट बार्लोगी आणि सहकाऱ्यांनी ते 84 हाताबाहेर गेलेल्या रुग्णांना दिलं आणि साधारण तिघांतल्या एकाला गुण आला. का आला ते कळायला आणखी पंधरा वर्षं लागली. ही औषधं प्लाझ्मा पेशीला जगायला लागणारी दोन प्रथिनं नष्ट करतात, आणि त्याच हिसक्यात टी-पेशींना आणि रोगट पेशी मारणाऱ्या एनके पेशींना जोर येतो. त्याचंच धाकटं भावंड लेनालिडोमाइड आज मायलोमाच्या बहुतेक घरांत फ्रिजवरच्या औषधांच्या डब्यात सापडेल.

अखेर नेम लागला तो कुठे

कॅन्सरची खास खूण मिळेना, तेव्हा संशोधकांनी प्रश्न फिरवला. प्लाझ्मा पेशीची खूण धरली तर? रोगट मरतील, त्यांच्याबरोबर निरोगीही मरतील. चालेल का?

चालतं. सगळं गणित याच्यावर उभं आहे. यकृताच्या कॅन्सरमध्ये यकृताच्या प्रत्येक पेशीवर नेम धरता येत नाही, माणूस जाईल. प्लाझ्मा पेशी गेल्या तर अँटिबॉडी कमी होतात, संसर्ग होतात, पण दर महिन्याला सलाइनमधून दुसऱ्यांच्या अँटिबॉडी, म्हणजे आयव्हीआयजी, देऊन निभावता येतं. महागडं आणि कटकटीचं आहे, पण निभतं.

पहिला मान सीडी38 ला मिळाला. त्यावर बसणारी डाराटुमुमॅब (थोडक्यात ‘डारा’) ही अँटिबॉडी एफडीएने नोव्हेंबर 2015 मध्ये मान्य केली. ती मायलोमा पेशीला चिकटते आणि एनके पेशी, मॅक्रोफेज यांना बोलावून घेते. भारतातही ती आता वापरात आहे, म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सांगून ठेवतो. सीडी38 थोडंसं तांबड्या पेशींवरही असतं. डारा चालू असलेल्या रुग्णाला रक्त लागलं की ब्लड बँकेत क्रॉसमॅचला सगळ्याच बाटल्या ‘जुळत नाहीत’ असं येऊ शकतं आणि नातेवाइकांची पळापळ होते. रक्तात दोष नसतो, औषध तपासणीत लुडबुड करत असतं, आणि शेवटच्या डोसनंतरही सहा महिन्यांपर्यंत करू शकतं. पहिल्या डोसच्या आधीच रक्तगटाची सविस्तर तपासणी करून कार्ड जवळ ठेवावं आणि ब्लड बँकेला औषधाचं नाव सांगावं. डीटीटी नावाचं रसायन वापरून त्यांना खरं काय ते पाहता येतं.

त्यानंतर बीसीएमए. हा रेणू म्हणजे मुळात प्लाझ्मा पेशीचा जगण्याचा दोर, वर सांगितलेला एप्रिल याच्यावरच येऊन बसतो. शरीरात प्लाझ्मा पेशी आणि त्यांच्या जवळच्या बी-पेशी सोडल्या तर तो फारसा कुठे नाही. नेम धरायला इतकी सोयीची जागा क्वचितच मिळते. कार-टीमध्ये टी-पेशीला अँटिबॉडीचं टोक बसवतात, म्हणजे तिला एचएलएची गरजच उरत नाही, बाहेर उभा असलेला बीसीएमए दिसला की पुरे. आयडे-सेल या उपचाराला मार्च 2021 मध्ये एफडीएची मान्यता मिळाली, सिल्टा-सेलला फेब्रुवारी 2022 मध्ये. सिल्टा-सेलची सुरुवात चीनमधली, शिआनच्या रुग्णालयात, आणि त्यातलं पकडणारं टोक उंटाच्या कुळातल्या प्राण्यांच्या छोट्या अँटिबॉडींवरून घेतलेलं. त्याच्या मुख्य चाचणीत 97 रुग्ण होते, सगळे आधीचे बरेच उपचार करून थकलेले. जवळजवळ सगळ्यांना गुण आला, आणि पाच वर्षांनंतरही त्यातल्या 32 जणांचा आजार परतलेला नव्हता, मधे दुसरं कोणतंही मायलोमाचं औषध न घेता.

पेशी काढून बाहेर वाढवायला आठवडे लागतात. तेवढा वेळ नसेल तर दुसरा मार्ग आहे, दोन तोंडांच्या अँटिबॉडी. एक तोंड मायलोमा पेशीला धरतं, दुसरं जवळच्या कुठल्याही टी-पेशीला, आणि दोघींना समोरासमोर आणतं. टेक्लिस्टॅमॅब 2022 चं, बीसीएमएवर. टाल्क्वेटॅमॅब 2023 चं, जीपीआरसी5डी या वेगळ्या अँटिजेनवर. हा दुसरा रेणू नखं, केसांची मुळं आणि त्वचेच्या काही पेशींतही असतो. म्हणून या औषधावरच्या रुग्णांची नखं पापुद्रे सुटून येतात, तळहाताची कातडी सोलवटते, आणि जेवणाची चव जाते ती अशी की वरण आणि आमटी सारखीच लागते. अँटिजेन कुठे कुठे आहे त्यावर दुष्परिणामांचा नकाशा ठरतो तो असा.

टी-पेशी एकदम कामाला लागल्या की ताप चढतो, रक्तदाब उतरतो. आयएल-6 अडवणारं टोसिलिझुमॅब त्यावर देतात. काहींच्या मेंदूवर परिणाम होतो आणि तो ओळखायची पद्धत अगदी साधी आहे. वॉर्डात नर्स रोज दहा मार्कांची परीक्षा घेते: वर्ष कोणतं, महिना कोणता, गाव कोणतं, आपण कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहोत, समोरच्या तीन वस्तूंची नावं, एक सूचना पाळणं, शंभरपासून दहा-दहाने उलटे आकडे. आणि एक वाक्य लिहून दाखवणं. काल सरळ ओळीत लिहिलेलं वाक्य आज वाकडं, अक्षरं एकमेकांवर चढलेली दिसली की डॉक्टर स्टेरॉइड सुरू करायचा विचार करतात. रुग्ण मराठीत लिहीत असेल तर मराठीतच लिहू द्यावं, अक्षराची तुलना त्याच्या स्वतःच्या कालच्या अक्षराशी आहे.

तरी आजार परत का येतो

बहुतेकांत येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. कारणं एकापेक्षा जास्त आहेत. दिलेल्या टी-पेशी थकतात किंवा संपतात. मायलोमा पेशी अंगावरचे बीसीएमए कापून रक्तात सोडतात. गॅमा सिक्रिटेज नावाचं एन्झाइम हे कापण्याचं काम करतं, आणि सुटे तुकडे औषधाला वाटेतच गुंतवून ठेवतात. हे एन्झाइम रोखणाऱ्या गोळ्या जोडीला देण्याचे प्रयोग त्यासाठीच चालू आहेत. आणि कधी कधी पेशी अँटिजेनचं जनुकच गमावतात. 2021 मध्ये अशा रुग्णांची वर्णनं प्रसिद्ध झाली, ज्यांच्या मायलोमात बीसीएमएच्या जनुकाच्या दोन्ही प्रती नाहीशा झाल्या होत्या. सीडी19 नसलेल्या पेशीवर नेक्सकार19 जसं फोल, तसं बीसीएमए नसलेल्या पेशीवर दुसरं बीसीएमए औषध फोल. अशा वेळी जीपीआरसी5डी वर जावं लागतं.

म्हणून आजार उलटला की पुन्हा मॅरो काढायला डॉक्टर सांगतात, तेव्हा ‘एकदा केलंय ना’ म्हणून टाळू नये. आधी कोणत्या अँटिजेनवरचं औषध झालं, केव्हा थांबलं, त्याने किती दिवस गुण राहिला, या तीन गोष्टी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून न्याव्यात. डारा नुकतंच झालं असेल तर तेही लॅबला सांगावं, कारण औषध सीडी38 झाकून बसतं आणि फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशींच्या अंगावरचे रेणू पाहणाऱ्या तपासणीत, त्या पेशी नाहीतच असं वाटू शकतं.